जादाची शाल

आमच्या गल्लीत दर थंडीत एका संध्याकाळी रस्ता अडवून, शेकोटी पेटवून एकत्र जेवण होतं. यंदाही ग्रुपवर निरोप आला. 'स्वेटर, कानटोपी घालून या. पायांत मोजे हवेतच, रस्ता फार गार पडतो. आपापलं ताट-वाटी आणा. पिठलं गरम मिळेल, भाकरीची खात्री नाही. कुणाला थंडी वाजलीच तर माझ्याकडे जादाची शाल आहे. – शकूताई.'

कुणीतरी गेल्या वर्षीचाच निरोप न वाचता पुढे ढकलला होता. शकू, माझी बायको, श्रावणात गेली.

मी मुकाट्याने मोजे घातले. इतकी वर्षं त्या मोज्यांवरून मी तिच्याशी हुज्जत घातली. आपल्याकडे कुणी 'तुझी काळजी वाटते' असं म्हणत नाही, 'मोजे घाल' म्हणतं. आणि आपण खुळे मोज्यांवरच भांडत बसतो.

तिची शाल पांघरून शेकोटीपाशी बसलो होतो. कोपऱ्यावरच्या घरात नवीनच राहायला आलेली मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माझ्यापाशी आली.

"काका, शकूताई कुठे बसल्यात? मेसेजमध्ये शालीचं लिहिलं होतं. बाळ गारठलंय."

आजूबाजूचे सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले.

"ही घे," मी अंगावरची शाल काढून दिली. "तिचीच आहे."

तिने बाळाला गुंडाळलं. "किती उबदार आहे हो! त्यांना थँक्यू सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.