दुखवट्यातल्या उसऱ्या

वांगी उन्हात घातली म्हणून भाऊकीत भांडण पेटल्याचं पुसेगावात कोणी ऐकलं नव्हतं. गंगूताईनं ते पेटवलं, आन् विझवायला काही ती पाणी घेऊन धावली न्हाई.

तिचा नवरा सोमेश्वर पौषात गेला. छातीत कळ आली, हिंगोलीला नेईस्तोवर सगळं आटोपलं. एक लेक होती वैष्णवी, ती तिच्या घरी नांदत होती. मागं उरलं ते दोन खोल्या, थोडं वावर, कबरी नावाची शेळी आन् चूल. घरात गॅसची शेगडी बी होती, पण गंगूताई दोन्हीला चूलच म्हणायची.

तेरावं झालं आन् मोठा भाया, म्हणजे सोमेश्वरचा थोरला भाऊ दगडोबा, ओसरीत येऊन बसला. त्याची बायको नर्मदाबाई दाराला टेकून उभी राहिली.

"एकल्या बाईला काहून पाहिजे वेगळी चूल?" दगडोबा म्हणाला. "आमच्यात जेवायचं. वावराचं मी पाहतो."

बोलणं वरून लोण्यासारखं होतं. पण गंगूताईनं आपल्या मावशीचं पाहिलं होतं. ती बी अशीच भायाच्या चुलीवर गेली. वर्षाच्या आत तिचं वावर त्याच्या नावानं बोललं जाऊ लागलं, आन् मावशी सगळ्यांची ताटं उचलल्यावर खरकट्यात भाकर शोधू लागली.

आमच्याकडं बाई भायाशी तोंडानं बोलत न्हाई. पदर पुढं ओढायचा आन् बोलायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं. गंगूताईनं पदर बराबर ओढला आन् खुंट्याच्या शेळीकडं तोंड केलं.

"कबरे, त्यायला सांग, माझी चूल मला जड न्हाई झाली."

कबरी पाला चघळत राहिली. दगडोबा वहाणा आपटत निघून गेला.

पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. फाल्गुनात त्याला दुसरी वाट सापडली. माणूस गेलं की वर्षभर त्या भाऊकीत पापड-कुरडया करत न्हाईत. दगडोबानं यंदा त्यात उसऱ्या बी ओढल्या. उसऱ्या म्हणजे चिरून उन्हात वाळवलेल्या भाज्या: वांगी, कारली, गवार, भेंडी. वैशाखात विहिरीचा तळ दिसायला लागला की आमच्या भागात हिरवं पान मिळत न्हाई. तिथून श्रावणापर्यंत घरं त्या मडक्यांवर चालतात. दगडोबाचं गणित सरळ होतं. मडकी रिकामी राहिली की गंगूताई वाटी घेऊन त्याच्या दारात येणार. आज वाटी आली की उद्या चूल येणार.

भाऊकीतल्या घरोघर निरोप गेला, आपल्यात यंदा वाळवण न्हाई.

गंगूताईनं निरोप ऐकला आन् टोपलं घेऊन वावरात गेली. सोमेश्वरनं जाण्याआधी विहिरीच्या कडंला लावलेल्या वांग्यांना माल लागून राहिला होता. न्हाई तोडला तर किडणार. तिनं तोडला, अंगणात विळी घेतली, वांग्याच्या फोडी केल्या, मीठ-हळद चोळली आन् बाजेवर जुनं लुगडं टाकून पसरायला बसली.

नर्मदाबाई भिंतीवरून डोकावली, मागं दगडोबा. त्यानं बायकोला सांगितलं, पण गल्लीला ऐकू जाईल असं.

"तुझ्या जावेला विचार, नवऱ्याची राख थंड झाली का न्हाई अजून. काहून वांगी पसरून राहिली?"

गंगूताईनं हात थांबवला न्हाई. "कबरे, त्यायला विचार, खळ्यावर ते पिवळं काय वाळून राहिलं."

खळ्यावर दगडोबाची हळद होती. आदल्या दिवशीच शिजवून पसरलेली, गल्लीभर वास सुटलेली.

"ती हळद हाय. विकायच्या मालाची गोष्ट येगळी," दगडोबा म्हणाला.

"मग हे वांगं हाय. पोटाची गोष्ट बी येगळी. त्याच मयताचा दुखवटा त्यायच्या हळदीला लागत न्हाई आन् माझ्या वांग्याला बरा लागतोय. पापड-कुरडया मी न्हाई घातल्या, घालणार बी न्हाई. ती हौस हाय, ती त्या माणसासंगं गेली. भूक न्हाई गेली, कबरे. ती सकाळीच उठून बसती."

गल्लीत कोणीतरी खोकलं. ते हसणं होतं हे सगळ्यांना कळलं.

"या घरचं पाणी बी पिणार न्हाई मी," दगडोबा म्हणाला आन् फिरला.

एरवी वाळवण म्हणजे गल्लीचं काम. एक चिरणार, एक पसरणार, एक कावळे हाकत गावभरच्या सुनांच्या चहाड्या सांगणार. यंदा कोणी फिरकलं न्हाई. गंगूताईनं एकटीनं कारली चकत्या करून ताकात भिजवली, गवार वाफवून पसरली. दिवस मावळला की उचलायची, उगवला की घालायची. काठी घेऊन उन्हातच बसायची आन् तिथंच भाकर खायची. फोडी खडखडीत वाजायला लागल्या तशा मडक्यात भरल्या, मधी कडूलिंबाचा पाला घातला आन् तोंडाला फडकं बांधलं.

मग मिरग निघाला आन् पेरण्या लागल्या. बाजाराला जायची कोणाला फुरसत न्हाई, गेलं तर भाजी सोन्याच्या भावात. दगडोबाच्या घरी फ्रीज होता, पण त्यात पाण्याच्या बाटल्या आन् विरजण. त्याचाच हुकूम त्याच्याच मडक्यांना लागला होता. सकाळी पिठलं, संध्याकाळी वरण, दुसऱ्या दिवशी फिरून पिठलं. आन् भिंतीपलीकडून गंगूताईच्या कढईचा वास यायचा. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या उसऱ्या, लसणाची फोडणी, वरून येसराचा मसाला आन् दाण्याचा कूट.

एका दुपारी नर्मदाबाई मागच्या दारानं आली. पदराखाली वाटी.

"गंगे, थोडी दे ग. पिठलं खाऊन खाऊन तोंड विटलंय."

"वाटी न्हाई भरणार, आक्का."

"काहून?"

"वाटी तुमच्या चुलीवर जाईल. माझ्या चुलीवरचं इथंच बसून खायचं. तुमी बसा, त्यायला बसू द्या, भाऊकी बसू द्या. ताट मी वाढते."

"ते यायचे न्हाईत."

"न येऊ द्या. माझं मडकं त्यायची वाट पाहून न्हाई राहिलं."

नर्मदाबाईनं दाराकडं पाहिलं, कढईकडं पाहिलं आन् पाटावर बसली. दीड भाकर खाल्ली. मग भाऊकीतली एकेक बाई जावेशी काम काढून येऊ लागली. गंगूताई कोणाला मागचं बोलली न्हाई. वाढायची, पण उंबऱ्याबाहेर वाटीभर बी जाऊ दिलं न्हाई.

स्वतःची पेरणी उरकल्यावर एका संध्याकाळी दगडोबा ओसरीत उभा राहिला. पाय चिखलानं भरलेले. गंगूताईनं पदर ओढला.  तो खुंट्याकडं वळला.

"कबरे, तुझ्या मालकिणीला विचार, तिच्या वावरात तिला काय पेरायचं हाय. सोयाबीन का तूर. मी उद्या पाभर घेऊन येतो."

गंगूताईची पळी कढईत थांबली.

"कबरे, त्यायला सांग, आधी पाय धुवायचे, मग जेवायचं. तुरीचं मग बोलू."

तिनं ताट वाढलं, भाकर, कारल्याच्या उसऱ्या, कांदा. दगडोबा बसला. मान वर न करता खाल्लं. भाजी संपली तसा शेळीला म्हणाला, "सांग तिला, अजून एक पळी."

गंगूताईनं दोन वाढल्या. मिरची तिनं काही कमी घातली नव्हती. दगडोबाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाण्याचा तांब्या भरून त्याच्या हाताला लागेल असा ठेवला आन् चुलीकडं तोंड करून भाकर थापायला घेतली.

तांब्या मात्र त्यानं शेळीला न विचारता उचलला.