उजेड मोजतों, अम्मा

वेस्ट मांबलमला आमच्या घराखाली स्टुडिओ चालवणारे गृहस्थ तंजावरकडचे मराठी. आजूबाजूचे सगळे डिजिटलवर गेले, तरी ते बारा फोटोंच्या रोलचा जाडजूड कॅमेरा सोडायला तयार नव्हते. फोटोआधी गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली मीटर धरून फ्लॅश उडवायचे आणि बजावायचे, "हे फोटो नव्हे. उजेड मोजतों."

पुण्याहून आलेल्या आईला मी तिथे नेलं. फ्लॅशच्या धास्तीने ती आधीच डोळे मिटते, त्यामुळे उघड्या डोळ्यांचा तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

फ्लॅश उडाला, आईने डोळे मिटले. "फोटो नव्हे, अम्मा." पुन्हा फ्लॅश. पुन्हा तेच. शेवटी ते कॅमेऱ्यामागे गेले आणि तिथूनही म्हणाले, "आणखी एकदां मोजतों."

आई भडकली. "अहो, उजेड मोजताय की ब्लाउजचं कापड?" असं म्हणत तिने डोळे वटारले, आणि त्यांनी बटण दाबलं.

"उजेड पहिल्याच खेपेस मोजला," ते मला हळूच म्हणाले. "मग अम्मांना राग यायची वाट पाहत होतों."

फोटो झकास आला. मी तो पुण्याला बाबांना पाठवला. पाकीट उघडताच त्यांचा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला, "काय रे, माझं काय चुकलं?"