उंदराचे औषध

"धाकट्यान थोरल्याक उंदराचा औषद दिल्यान, म्हणान नाकातसून रगात येवन तो गेलो." माझ्या थोरल्या भावाच्या मृत्यूची ही हकीकत आमच्या भावकीत अजून सांगितली जाते. सांगणारे निम्मे तर तेव्हा जन्मलेही नव्हते. मी होतो, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीस होतो. आम्ही उंदरांना पिण्याच्या पाण्यातून मीठ देत असू. काही आठवड्यांनी त्यांचा रक्तदाब चढे. मग शेपटीला बारीक छेद देऊन रक्त कसे थांबते, ते पाहावयाचे. जखम झाली की रक्तातील प्लेटलेट्स नावाच्या सूक्ष्म कणांनी धावून भोक बुजवावयाचे असते. या उंदरांत त्या भरकटलेल्या असत: जखम नसेल तेथे विनाकारण एकमेकींना चिकटत, आणि खऱ्या जखमेपाशी थकलेल्या पोचत. रक्त वाहतच राही.

दादा मसुऱ्याजवळच्या आमच्या गावी शिक्षक होता. त्याचा दाब फार वाढल्याचे मालवणच्या डॉक्टरांनी सांगितले, त्या मे महिन्यात मी घरी गेलो. घरापुढच्या खळ्यात भावकी जमली होती. दादाने सर्वांदेखत विचारले, "काय रे, तुझे उंदीर कसे आसत?"

"तुझ्यासारकेच. दाब चढलो तरी गप रवनत नाय."

तो खदखदून हसला. "मगे त्येंचा औषद माका दी! शेपटी तेवडी लावू नको."

आमच्याकडे उंदराचे औषध म्हणजे उंदीर मारण्याचे विष. म्हणूनच तर सगळे हसले. पावसाळ्यात दादाच्या नाकाचा घोळणा फुटला, रक्त थांबेना, आणि पाठोपाठ अर्धांग होऊन तो गेला. तेव्हा हाच विनोद माझ्याविरुद्ध साक्षीला उभा करण्यात आला.

मी केले ते एवढेच. दादाच्या पेजेत मीठ घालू नका, सुका बांगडा देऊ नका, असे वहिनींना बजावले. पानावर बसून तो कुरकुरे, "ह्या पेजेपेक्षा विष बरा रे!" भावकीने तेही नेमके लक्षात ठेवले.

तार मिळून मी पोचलो तेव्हा सारे आटोपले होते. वहिनींनी विचारले, "भावजी, खरा सांगा. तुमी काय दिल्यात?"

"काय एक दिलंय नाय, वैनी."

"मगे रगात थांबाक कित्याक नाय?"

दाबाने जिकिरीस आलेले रक्त विषावाचूनही थांबत नाही, हे मी रोज पाहत होतो. पण ते सांगायला माझ्यापाशी मालवणी शब्द नव्हता, आणि त्या बाईसमोर उंदराचे नाव काढण्याची सोय उरली नव्हती. पुढे त्यांनी मला पान वाढले. माझ्या हातचे पाणी मात्र कधी घेतले नाही. त्या गेल्या, त्याही तो संशय घेऊन.

भावकीने विषाचा पुरावा शोधत बसावे. विष राहू द्या, औषध तरी मी कोठून आणणार होतो? त्या प्रयोगशाळेत उंदरांसाठी औषध नव्हतेच. आम्ही त्यांना आजारी पाडीत असू. बरा एकही केला नाही.