मुखवट्याखालचे बूट

जोडेमास्तरांनी उकळत्या पाण्यात अंडं सोडलं आणि दारावर थाप पडली.

“या, बेकरीणबाई,” ते गॅस बारीक करत म्हणाले. “पायरीवर जपून. डावी टाच निसटायला आलीय तुमची.”

बाहेरून लांबलचक सुस्कारा ऐकू आला. “अहो मास्तर, आधी दार तरी उघडा! माणसाला दोन मिनिटं परकं राहू देत नाही तुम्ही.”

दारात कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण उभी होती. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बुटांचा जोड. आज मंगळवार होता, कार्निव्हलचा शेवटचा दिवस, आणि मुखवटेवाल्यांच्या टोळीची म्होरकी हीच बाई होती.

उद्या चर्चमध्ये कपाळाला राख लागली की चाळीस दिवसांचा उपवास. त्याआधी घरातली अंडी, लोणी, साखर संपवून टाकायची, म्हणून आज सकाळपासून प्रत्येक खिडकीतून तळणीचा वास येत होता. फादर सांगत, कार्निव्हल म्हणजे मांसाला निरोप. खाटीक म्हणे, “तुमचा निरोप होतो फादर, पण माझ्या दुकानाला कुलूप लागतं त्याचं काय?” संध्याकाळी टोळी मुखवटे चढवून घरोघरी जाई. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. घरच्यांनी तीनदा अंदाज करायचा. बरोबर आला तर मुखवटा उतरवायचा, चुकला तर ताटातलं गोडधोड घेऊन पुढच्या घरी. मालक कोण आणि नोकर कोण हे निदान एका संध्याकाळी तरी कळू नये, म्हणून ही रीत पडली, असं जुनी माणसं म्हणत.

पण तोंड झाकलं तरी पायात बूट नेहमीचेच असत. एका संध्याकाळसाठी नवे कोण घेणार? आणि चाळीस वर्षांत मास्तरांच्या हाताखालून गेला नाही असा एकही बूट गावात नव्हता. कोण आतल्या बाजूने झिजवतो, कोण घाईत नेहमी उजवं पाऊल आधी टाकतो, कोणाच्या अंगठ्याला कुरूप आहे, सगळं त्यांना पाठ. ओळखलं की माणसाला बरं वाटतं, असा त्यांचा साधा समज होता.

बायको होती तोवर निभावलं. टोळी आत आली की ती टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवी आणि मास्तर मुकाट्याने खाटकाला ‘पोस्टमन’ म्हणत, शाळेतल्या बाईंना ‘फादर’ म्हणत. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सगळ्यांत जास्त वेळ टोळी रेंगाळायची ती याच घरात.

ती गेली त्या वर्षीही टोळी आली. दार उघडताच मास्तरांना इतका आनंद झाला, की सातही जणांची नावं त्यांनी एका दमात घेऊन टाकली. ताट अजून ओट्यावरच होतं. एकेक मुखवटा उतरला आणि सांत्वनाला आल्यासारखी सात माणसं उघड्या चेहऱ्यांनी उभी राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी आपापसांत बूट बदलले. मास्तरांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, “बाई, खाटकाच्या बुटांत बोटं आखडून उभ्या राहू नका, पाय दुखतील.” शाळेतल्या बाई जवळजवळ रडल्याच.

गेल्या वर्षी कुणी आलं नाही. मास्तरांनी साखरेत घोळवलेले गोळे तळून ठेवले होते, दार अर्धं उघडं होतं. टोळी दारावरून गेली. पायरीपाशी पावलं क्षणभर अडखळली, मग पुढे सरकली. एकेक पाऊल त्यांना ओळखू आलं. त्यानंतर घर जे खायला उठलं ते आजतागायत.

“हे तेवढं संध्याकाळपर्यंत करून द्या,” बेकरीणबाईंनी बूट टेबलावर ठेवले. “तळवा उघडा पडलाय. कुणाचे ते विचारायचं नाही हं.”

मास्तरांनी बूट उलटा केला. टाचेवर त्यांनीच मारलेले तीन खिळे. डाव्या कुशीला नेहमीची सुरकुती. नाव अगदी जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“नाही विचारत,” ते म्हणाले.

बेकरीणबाईंनी भुवया उंचावल्या. “तब्येत बरी आहे ना?”

“अंडं खाणार? अजून नऊ आहेत. उद्यापासून चालायची नाहीत.”

“एकट्या माणसाला इतकी अंडी कशाला हवीत?” म्हणाल्या आणि जीभ चावली. मग उगाचच पदराने टेबलावरचा कचरा झटकू लागल्या. “रागावू नका, मास्तर. टोळीतल्या सगळ्यांचा हिरमोड होतो हो. आठवडाभर खपून मुखवटे रंगवतात, आणि तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. सरळ खाली.”

हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. मुखवटे कसे असायचे ते आठवून पाहिलं, तर खरंच एकही आठवेना. सात जोडी बूट तेवढे लख्ख डोळ्यांपुढे आले.

“चार वाजता न्या,” ते म्हणाले. “टाकेच घालतो, खळ नाही टिकायची.”

“बरं.” बाई निघाल्या. पायरी उतरताना डावी टाच लटपटली.

“बेकरीणबाई.”

त्या थांबल्या. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते, नजर नेहमीप्रमाणे त्यांच्या पायांकडे वळली होती. ती त्यांनी उचलली.

“संध्याकाळी माझ्याकडेही या. थोडा वेळ बसा. मी कुणालाच ओळखणार नाही.”