अर्ध्या गाण्यावर शाल

ही हकीकत सांगणं मी सहा वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी चहा ठेवायला उठायचो.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारी एक पोलिश गृहस्थ राहायचे. जन्मभर नाटकांत राजे आणि खुनी रंगवले, आणि सत्तरीत स्वतःची पोलिश गाणी गिटारवर गायला लागले. कानात सांगितल्यासारखी, हळू. पहिला कार्यक्रम त्यांना मोजक्या माणसांत करायचा होता. मी आमचं बेसमेंट देऊ केलं. त्यांनी पाच मित्र आणले, मी इथल्या मराठी मंडळातले चाळीस.

मंडळाचा मी अकरा वर्षं अध्यक्ष. शाल-श्रीफळ दिल्याशिवाय एकही पाहुणा सोडलेला नाही.

तिसरं गाणं त्यांच्या वारलेल्या बायकोवर होतं. मध्येच ते थांबले. डोळे मिटलेले. मी जरा वाट पाहिली, मग उठलो, गिटारसकट त्यांना शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. चिटणिसांनी लगेच आभार मानले, त्यात बटाटेवडेवाल्या काकूंचेसुद्धा. नारळ धरून गिटार वाजवता येत नाही. ते उभे राहिले आणि नाटकातल्यासारखे कमरेत वाकले.

"आजोबा, ही वॉज नॉट डन," गिटार शिकणारी माझी नात म्हणाली. "त्यांची बोटं अजून तारांवर कॉर्ड धरून होती."

यानंतर मी जे केलं ते शालीपेक्षा वाईट. वडे खाताना ज्याने ज्याने विचारलं, त्याला त्याला मी सांगितलं, की बिचारे ओळी विसरले, म्हणून मी वेळ सावरून नेली. हे त्यांच्या मित्रांनीही ऐकलं. ओळी विसरलेला नट म्हटल्यावर मित्र घाबरले. त्यांनी पुढचे दोन कार्यक्रम कॅन्सल केले आणि या गृहस्थांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेलं.

महिन्याभराने मी माफी मागायला त्यांच्या दारात गेलो. मी तोंड उघडण्याआधी तेच इंग्रजीत म्हणाले, "मला वाटत होतं, मी मुद्दाम थांबलो होतो. पण सगळे म्हणतात, विसरलो. तुम्ही माझी लाज राखलीत."

मी म्हणालो, "होतं असं या वयात."

पुढे ते मुलीकडे राहायला गेले. गाणं त्यांनी सोडलं, असं ऐकलं. त्या दारात म्हणायचं होतं ते एवढंच: तुम्ही काहीही विसरला नव्हतात. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.