गोकुळच्या मशीनचं दुखणं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने जमतात. धूळ आम्ही ब्लोअरने उडवतो, किस्से मात्र राहतात. शहाद्याला एसटी स्टँडच्या मागे सलीमभाईचं आणि माझं दुकान आहे. यंदाच्या उन्हाळ्यात एकट्या गोकुळच्या मशीननेच आम्हाला किश्श्यांचा सगळा माल पुरवला.

गोकुळ लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याला आम्ही नवं ग्राफिक्स कार्ड आणि जास्तीची रॅम बसवून दिली. पठ्ठ्या खुशीत घरी गेला आणि लगेच मशीन घेऊन परत. म्हणे, काम करता करता मध्येच बंद पडतं.

*

सलीमभाईने कॅबिनेट उघडलं तर कार्डच्या पंख्यात तांदूळ! कार्डवर हळदीकुंकवाची बोटं.

मी म्हटलं, "अरे, पूजा मशीनची करतात, बाहेरून."

गोकुळ म्हणाला, "भाऊ, मशीन ते जुनंच शे. नवं ते कार्ड शे ना."

ब्रशने सगळं साफ केलं. तरी घरी जाऊन मशीन बंद पडलंच.

*

आम्ही ते दुकानात ठेवून घेतलं. रॅम बदलून पाहिली, विंडोज नवी टाकली, जड गेम लावून दुपारभर पळवलं. हूं नाही की चूं नाही. गोकुळ वैतागला. "मन्हा घर उनं का बंद पडस!"

सलीमभाई म्हणाला, "भाई, इसको दुकान पसंद है. तू ही इधर रहने आ जा."

*

मग मला शंका आली की तापत असेल. "हवा खेळती ठेव," एवढंच मी फोनवर सांगितलं. गोकुळने घरातला एकुलता एक कूलर उचलून मशीनसमोर लावला. त्याचे वडील, आप्पा, दुकानात भांडायला आले.

"आम्ही आठे घामना पानीमा, आन हाऊ साहेब कूलरमा!"

मशीन आता जास्तच बंद पडायला लागलं होतं.

*

शेवटी मी भरदुपारी त्याच्या घरी जाऊन बसलो. शेजारच्या घरात कूलर सुरू झाला आणि ट्यूबलाईट मंद झाली. समोरच्यांनी लावला तशी ती फडफडली, आणि मशीन खट्कन बंद. नवं कार्ड खादाड, पॉवर सप्लाय जुना, त्यात दुपारी गल्लीभर कूलर चालले की व्होल्टेज पडायचं. बिचाऱ्या रॅमला आम्ही उगाच शिव्या दिल्या होत्या.

सुरतहून मोठा पॉवर सप्लाय मागवला. तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी येईना, आणि गोकुळचा सगळा जीव आखाजीत अडकलेला. शेजारच्या शोभामावशींची लेक सुमन लग्नानंतर सणाला पहिल्यांदाच माहेरी येणार होती, दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. गोकुळकडे अर्धवट पडलेला तिच्या लग्नाचा व्हिडिओ तिच्याशेजारी बसून बघायचा, एवढीच मावशींची इच्छा. "मी लगनमा काहीच नई दखं रे, आखा येळ सयपाकनाच मागे व्हतू," असं त्या जो भेटेल त्याला सांगत. मलाच ऐकून वाईट वाटायचं.

*

आदल्या रात्री गोकुळची कापाकापी कशीबशी संपली. आखाजीला सकाळी व्हिडिओ आमच्या दुकानात तयार करायचं ठरलं, तर दुरुस्तीसाठी आमच्या बाजारपेठेची लाईट बंद. सलीमभाई आणि मी गोकुळच्या घरी गेलो. मावशी दारातच उभ्या होत्या.

गोकुळ म्हणाला, "मावशी, तयार व्हवाले आखी दुपार लागी. पन दुपारले कूलर चालू व्हतंस, आन हाई बंद पडस."

"कोना कूलर?"

"सगळासना."

मावशींनी पदर खोचला आणि घरोघर फिरल्या. "आखाजी शे. निंबले झोका बांधेल शे. कूलर बंद करा आन बाहेर या."

आप्पा सगळ्यात आधी कुरकुरले आणि सगळ्यात आधी खुर्ची घेऊन बाहेर आले. मग एकेक घर बाहेर आलं. बायका झोक्यावर गाणी म्हणायला लागल्या. सलीमभाई कार्डच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घेत बसला. गोकुळ तेवढा आत, व्हिडिओ किती तयार झाला ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीवर नजर लावून.

इतक्यात रिक्षा थांबली. सुमन बॅग घेऊन उतरली आणि घामाने निथळणारी सगळी गल्ली बघून घाबरली.

"माय, लाईट गयी का?"

गोकुळच्या दारावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या, "लाईट शे. तुन्हं लगीन चालू शे अजून."