निशाणाच्या टोकावरचं पुस्तक

इस्तंबूलच्या लष्करी संग्रहालयात जुनी निशाणं बघता बघता मी एका काचेपाशी थबकले. आत काडेपेटीएवढी चांदीची डबी होती आणि डबीत इवलंसं कुराण. अक्षरं नुसत्या डोळ्यांनी लागत नव्हती.

"लढाईला जाताना हे निशाणाच्या काठीला, अगदी टोकाला बांधत," आमची तुर्की गाईड म्हणाली.

"तिथे ते वाचणार कोण?"

"वाचायला नव्हतंच ते. मान वर केली की दिसावं, एवढंच."

पानं पिवळी पडली होती, पण कुठे फाटली नव्हती. ज्याने दोन्ही हातांनी ती काठी धरली असेल, त्याला तलवारीसाठी हात उरला नसणार. त्याचं पुढे काय झालं, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. देवाला उंच बांधायचं आणि माणसाला खाली उभं करायचं, ही रीत कोणी काढली कोण जाणे.

दादा फौजेत निघाला तेव्हा आईने त्याच्या खिशात अशीच छोटी गीता ठेवली होती. तो लढाईत मारला गेल्यावर सरहद्दीवरून त्याची सामानाची पेटी घरी आली. आईने त्यातली गीता काढून उलटसुलट करून पाहिली.

त्या गीतेवरही साधा ओरखडा नव्हता.